लिनक्स उठताना मागे काय काय जागं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत बसस्टँडच्या अंगाला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पाच कॉम्प्युटर, त्यातल्या चारांवर लिनक्स मिंट. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जिंतूर, सेलू, मानवतकडचे ओळखीचे लोक जुनी मशिनं घेऊन येतात, लिनक्स टाकून नेतात आणि आठ दिवसांनी फोन करतात. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, टाइप मात्र रोमनमध्येच करायच्या. स्पेलिंगची धास्ती नको. पहिली चार-पाच अक्षरं टाकून टॅब दाबलं की उरलेलं नाव टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आपणहून पुरं करते. सर्व्हिसच्या नावांनाही हे चालतं.

मशीन चालू व्हायला दोन-अडीच मिनिटं लागतात. कोणती सर्व्हिस बंद करू?

अजून कोणतीच नाही. आधी मोजा.

टर्मिनल उघडा आणि ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ एवढंच टाइप करा. एक ओळ येते. त्यात वेळेचे तुकडे पाडलेले असतात: फर्मवेअर (मदरबोर्डमधला बायोससारखा प्रोग्राम), लोडर (लिनक्सला उचलून देणारा), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि युजरस्पेस (त्याच्यावर उठणारं बाकी सगळं). जुन्या बायोसवर पहिले दोन दिसत नाहीत, तेवढं चालायचंच. फर्मवेअरचा आकडा मोठा असेल तर दोष लिनक्सकडे नाही. मदरबोर्ड स्वतःची तपासणी करत बसलाय, बायोसमध्ये जाऊन बघा. लोडर मोठा असेल तर बहुतेक ग्रबचा मेनू, म्हणजे कोणती सिस्टम उठवू हे विचारणारा, तुमच्या उत्तराची वाट बघतोय. सर्व्हिसांचा हिशोब फक्त शेवटच्या तुकड्यात असतो.

मग ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’. कोणत्या सर्व्हिसने किती वेळ घेतला याची उतरती यादी मिळते. लोक इथेच फसतात. यादीतलं सगळ्यात वरचं नाव धरतात आणि कापतात. पण या सर्व्हिसा एकामागे एक उठत नाहीत, बऱ्याचशा एकाच वेळी उठतात. वीस सेकंद घेणारी एखादी सर्व्हिस कोपऱ्यात आपलं काम करत असेल आणि लॉगिनचा पडदा तिच्यासाठी थांबलेलाही नसेल. खरं कोण कोणासाठी खोळंबलंय ते ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन’ सांगतं. लाल अक्षरांतल्या ओळी वाचा.

याच्या जोडीला साधं मनगटी घड्याळ घ्या. बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत किती, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत किती? दुसरा आकडा वरच्या आज्ञेत येतच नाही. माझ्याकडे आलेल्या मशिनांत रड बहुतेक वेळा या दुसऱ्या आकड्याचीच निघाली, आणि तिच्या मुळाशी एकच गोष्ट: फिरती हार्डडिस्क. दहा जण एकदम हाका मारतात आणि बिचारी सुई एकटीच इकडून तिकडे धावते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर या पानावरचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत. हे मी दुकानदार म्हणून सांगत नाहीये, एसएसडी मी विकत नाही.

पण सर्व्हिस म्हणजे नक्की काय?

पडद्यावर न दिसता मागे चालणारा प्रोग्राम. प्रिंटरची रांग सांभाळणारा, नेट जोडणारा, घड्याळ लावणारा. हे सगळे लॉगिनच्या आधी उठतात आणि त्यांना उठवणारा मुकादम म्हणजे सिस्टमडी. तो २०१० साली आला; लिनक्सच्या निरनिराळ्या अवतारांपैकी २०११ मध्ये फेडोरा १५ ने तो घेतला, २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ ने. मिंट उबुंटूवर उभं आहे, म्हणून आपल्याकडेही तोच. त्याच्या आधी स्क्रिप्टा नंबराने एकेक चालायच्या.

लॉगिननंतर तुमच्या नावाने उठणारे प्रोग्राम वेगळे. त्यांना ‘ऑटोस्टार्ट’ म्हणू. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

इंटरनेटवर ‘या पंधरा सर्व्हिसेस बंद करा’ अशी यादी सापडली. करून टाकू का सगळ्या एकदम?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावाच्या नशिबी आहेच, तुमच्या मशीनच्या नशिबी कशाला? ती यादी ज्याने लिहिली त्याच्या टेबलावर काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या टेबलावर काय आहे हे त्याला माहीत नाही. म्हणून प्रत्येक नावासमोर मी एकच प्रश्न विचारतो: याच्यावर कोणाचं पोट आहे?

नेहमी विचारली जाणारी नावं त्याच प्रश्नाने बघू.

मोडेममॅनेजर. यूएसबीचा सिमकार्डवाला डोंगल मोडेम म्हणून वापरत असाल तरच याचं काम. मोबाइलचं नेट यूएसबीने घेत असाल तर ते लॅनकार्डासारखं दिसतं, याला कोणी विचारत नाही. माझ्या चारही मशिनांवर बंद आहे.

ब्लूटूथ. डेस्कटॉपला ब्लूटूथच नसेल तर बंद. वायरलेस माउसची छोटी यूएसबी पट्टी म्हणजे बहुधा ब्लूटूथ नव्हे, हे लक्षात असू द्या.

कप्स ही छपाईची सर्व्हिस. झेरॉक्सच्या दुकानात तिला हात लावणं म्हणजे कामधंदाच बंद. घरी प्रिंटर नसेल तर खुशाल बंद करा. तिची धाकटी जोडीदारीण कप्स-ब्राउझ्ड मात्र वेगळी: ती नेटवर्कवर दुसऱ्यांनी वाटलेले प्रिंटर शोधत फिरते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यात मोठं भगदाड सापडलं होतं. बाहेरचा माणूस ६३१ नंबरच्या पोर्टवरून खोटा प्रिंटर घुसवू शकत होता, आणि तुम्ही त्याच्यावर छापायला गेलात की त्याची आज्ञा तुमच्या मशीनवर चालायची. अपडेटने ते बुजलं. तरी प्रिंटर यूएसबीने जोडलेला असेल तर ही नसली म्हणून काही अडत नाही.

नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. नेट खरोखर लागेपर्यंत थांबणारी ही सर्व्हिस. आमच्याकडे लाईट येते तेव्हा राउटर आणि कॉम्प्युटर एकदमच उठतात; राउटर डोळे चोळत असतो तोवर ही दारात उभी. ब्लेमच्या यादीत म्हणून ती नेहमी वर दिसते. दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर चालू होतानाच जोडून घेत असाल तर तिची गरज आहे. नसेल तर बंद केल्याने नेट काही बंद पडत नाही, फक्त वाट बघणं थांबतं.

आता अवाही. नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना नावाने ओळखतात ती हिच्यामुळे. ‘आपल्याकडे नेटवर्कचा प्रिंटर नाही, मग कशाला ही?’ असं म्हणून मीच एकदा ती बंद केली. दुसऱ्या दिवशी दहाचा गर्दीचा टाइम, एक ताई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रेशनकार्ड स्कॅन करायला आलेल्या, आणि स्कॅनर गायब. वायर काढून लावली, पोर्ट बदलला, मशीन दोनदा रिस्टार्ट केलं. शेवटी त्यांनी मोबाइलने फोटो काढून दिला, ‘घ्या हा, मला बस आहे’ म्हणाल्या. रात्री कळलं ते असं: नव्या ऑल-इन-वन प्रिंटरांना ड्रायव्हर लागत नाही, कारण आयपीपी-यूएसबी नावाचा प्रोग्राम यूएसबीच्या प्रिंटरलाच नेटवर्कवरचा प्रिंटर करून दाखवतो, आणि त्याची दवंडी पिटतो अवाही. दवंडीवालाच घरी बसवला तर स्कॅनर कोणाला दिसणार? कोणत्याही यादीत हे लिहिलेलं मला दिसलं नव्हतं.

पीसीएससीडी. नाव विचित्र म्हणून लोक उडवतात. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर सही हिच्यामार्फत होते. ग्रामपंचायतीचं काम करणाऱ्यांनी आणि टेंडर भरणाऱ्यांनी लांब राहावं.

बंद केली होती, परत कामून चालू झाली?

तीन शब्दांतला फरक माहीत नसतो म्हणून. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ म्हणजे आत्ता घरी जा. ‘डिसेबल’ म्हणजे उद्या सकाळपासून येऊ नको. पण आज आहे ती आहेच. दोन्ही एकदम हवं असेल तर डिसेबलच्या पुढे दोन डॅश देऊन ‘नाऊ’ जोडायचं.

तरीही ती परत आली, तर तिला दुसऱ्या कोणीतरी बोलावलंय. बऱ्याच सर्व्हिसांची एक ‘सॉकेट’ जोडीदार असते. सॉकेट म्हणजे दारातली घंटा: कोणी वाजवली की आत झोपलेली सर्व्हिस उठते. कप्स बंद करताना कप्स डॉट सॉकेट आणि कप्स डॉट पाथ ही दोन्ही नावं त्याच आज्ञेत घ्यावी लागतात ती याचसाठी. आणि खरं सांगायचं तर ही सोय चांगली आहे. लागेल तेव्हाच उठणारी सर्व्हिस तुमचा सकाळचा वेळ खात नाही, मग तिच्या मागे कशाला लागायचं?

‘मास्क’ म्हणजे दाराला कुलूप. कोणीही बोलावलं तरी उठायचं नाही. हा शेवटचा उपाय. मास्क केलेलं नाव वहीत लिहिल्याशिवाय दुकान बंद करू नका, कारण सहा महिन्यांनी तुम्हीच विसरणार.

कशाला अजिबात हात लावू नये?

डीबस, पोलकिट, सिस्टमडी-लॉगिनडी, नेटवर्कमॅनेजर आणि तुमच्या लॉगिनच्या पडद्याची लाइटडीएम. यांच्या नावासमोर किती का सेकंद असेनात.

याच रांगेत मी सिस्टमडी-टाइमसिंकडी बसवतो, आणि याच्यावर थोडं बोलायला हवं. ही नेटवरून घड्याळ लावते. ‘घड्याळ तर चालूच आहे की’ म्हणून लोक ती उडवतात. पण जुन्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल मेलेला असतो. लाईट गेली की तारीख मागे जाते. घड्याळ लावणारी सर्व्हिस असेल तर नेट लागताच तारीख जागेवर येते, कोणाला पत्ताही लागत नाही. ती नसेल तर? ब्राउझर बघतो की आज अमुक साल आहे आणि या साइटचं प्रमाणपत्र तर त्याच्या नंतरचं आहे, म्हणजे खोटं. झालं, बँक उघडत नाही, सरकारी पोर्टल उघडत नाही, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. जुलैमध्ये पीक विम्याच्या गर्दीत अशा एका मशीनपायी एक जण गंगाखेडहून मदरबोर्ड बदलून घ्यायला निघाला होता. फोनवर तारीख वाचायला लावली, काही वर्षांपूर्वीची निघाली. सेल बदला आणि सर्व्हिस चालू ठेवा, काम झालं.

याच पोटात दुसरा प्रश्न. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. बिघाड नाही तो. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच इथली वेळ समजतं. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की दोघांचं जमतं.

एसएसडी असेल तर एफएसट्रिम नावाचा टायमरही राहू द्या. आठवड्यातून एकदा उठतो, डिस्कवरची मोकळी जागा डिस्कला कळवतो आणि झोपतो.

चालू होताना काळ्या पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ येतं आणि दीड मिनिट तसंच. रोज.

हा मला सगळ्यात आवडणारा बिघाड, कारण तो दोन मिनिटांत जातो आणि समोरचा माणूस चहा पाजतो.

दीड मिनिट हा आकडाच सांगतो काय झालंय. सिस्टमडी एखाद्या गोष्टीची सहसा नव्वद सेकंद वाट बघतं आणि मग नाद सोडतं. ती गोष्ट बहुधा एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक तुकडा, असते जे आता अस्तित्वातच नाही. मागे एकाने हौसेने मिंटच्या शेजारी आणखी एक लिनक्स टाकून पाहिलं. नव्या लिनक्सने स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पुसून पुन्हा बनवलं, त्याबरोबर त्याची ओळख, म्हणजे यूयूआयडी, बदलली. मिंट मात्र रोज सकाळी जुन्या नावाने हाका मारतंय.

‘सुडो बीएलकेआयडी’ ने (सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने) आजची खरी यूयूआयडी बघा, ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘एफएसटॅब’ फाइल उघडा, जुनी खोडून नवी टाका. स्वॅपच्या ऐवजी दुसरी डेटाची डिस्क असेल आणि ती कधी जोडलेली, कधी काढलेली असेल, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घाला. नाही तर मशीन वाट बघून सरळ इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. फाइलला हात लावण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. एवढं तरी ऐका राव.

लाईट गेल्यावर पुढच्या वेळी डिस्क तपासत बसतं. ती तपासणी बंद करता येते म्हणे?

येते. करू नका. ईएक्सटी४ फाइल सिस्टम अर्धवट राहिलेली कामं जर्नलमध्ये नोंदवते आणि उठल्यावर ती नोंद वाचून निस्तरते. त्याला सहसा काही क्षण लागतात. दरवेळी लांबण लागत असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे, आधी फायली दुसरीकडे हलवा. आणि एक छोटा यूपीएस घ्या.

लॉगिन होतं पटकन, पण नंतर पाच मिनिटं हातच लावू देत नाही.

आता आपण ऑटोस्टार्टच्या मुलखात आलो. सिनॅमन आणि एक्सएफसीई हे मिंटचे डेस्कटॉप; सिनॅमनमध्ये ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’, एक्सएफसीईमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडा. स्वागताची खिडकी, ब्लूटूथचं चिन्ह, क्लाउडशी फायली जुळवणारे प्रोग्राम, चॅटची अ‍ॅप, एकेकाची खूण काढा. पुसू नका, फक्त खूण काढा. सिनॅमनमध्ये प्रत्येकाला उशीरही देता येतो: अपडेटचं चिन्ह शंभर सेकंदांनी उठलं तर कोणाचं काय बिघडतं?

यादीत न दिसणारेही असतात. ‘ईटीसी’च्या आत ‘एक्सडीजी’ आणि त्याच्या आत ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डर आहे. तिथल्या ज्या फायलींत ‘नोडिस्प्ले’ची ओळ ट्रू असते त्या यादीतून लपतात. लपलेल्या सहसा कामाच्याच असतात, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

दुरून मदत घ्यायला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकलेलं असेल तर नुसतं ऑटोस्टार्टमध्ये शोधून भागणार नाही. दोन्ही आपापली सर्व्हिस बसवतात आणि लॉगिनच्या आधीपासून जागी असतात. लोकांचे आधारक्रमांक, बँकेची पासबुकं ज्या मशीनवर उघडी असतात तिथे असं दार दिवसभर सताड उघडं मला झेपत नाही. डिसेबल करून ठेवलंय; लागेल तेव्हा ‘स्टार्ट’, काम झालं की ‘स्टॉप’.

केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी: सगळ्या फायलींची सूची बनवणारा बालू जुन्या हार्डडिस्कचा जीव काढतो. सेटिंगमधल्या फाइल सर्चमध्ये जाऊन बंद करा.

सकाळी बरं चालतं, दुपारी रेंगाळतं. कोणती सर्व्हिस?

ऊन. मे महिन्यात परभणीत पत्र्याखाली ठेवलेला कॅबिनेट, पंख्यात वर्षाची धूळ. प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच कमी करतो. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तापमान दाखवते. ब्रश आणि ब्लोअर घ्या.

रॅम चारच जीबी आहे. सर्व्हिसेस बंद करून किती वाचेल?

निराश व्हाल. मोडेममॅनेजर, ब्लूटूथसारख्या सर्व्हिसा काही मोजक्या एमबी खातात. ब्राउझरचा एक जड टॅब त्या सगळ्यांना मिळून भारी पडतो. ब्राउझर बंद करून ‘फ्री’ आज्ञा चालवा, मग सात टॅब उघडून चालवा, आणि स्वतःच बघा.

खरा फरक झेडरॅमने पडतो. रॅममधलाच एक भाग दाबून-चेपून भरतो, म्हणजे हार्डडिस्कवरच्या स्वॅपची पाळी उशिरा येते. फेडोराने २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून तो आपसूक चालू ठेवलाय. मिंटवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाकावं लागतं. होय, ही आणखी एक सर्व्हिस झाली. चालू करण्यासारखीही एखादी असते.

डेस्कटॉप बदलायचा तर सिनॅमन सोडून एक्सएफसीई. दिसायला जरा साधा आहे, पण गिऱ्हाइकाला वॉलपेपरशी काय घेणं?

क्लीनर, बूस्टर काही टाकू का?

नको.

अँटीव्हायरस?

क्लॅमएव्ही आहे. पण त्याची कायम जागी राहणारी सर्व्हिस विषाणूंच्या खुणांचा सगळा साठा रॅममध्ये धरून बसते, एक जीबीच्या वर जातो तो. चार जीबीच्या मशीनला परवडत नाही. मी सर्व्हिस न टाकता नुसता तपासणीचा प्रोग्राम ठेवलाय. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह पुढे विंडोजवाल्याकडे जाणार असेल तरच चालवतो.

मोबाइलच्या नेटवर दीड जीबी सकाळीच संपतो. अपडेट खातं का?

उबुंटू असेल तर शक्य आहे. एपीटी-डेली आणि एपीटी-डेली-अपग्रेड हे दोन टायमर ते काम करतात. टायमर कापून टाकण्यापेक्षा लिनक्सला सांगा की हे नेट मोजून मिळतं. नेटवर्क कनेक्शनच्या सेटिंगमध्ये जनरलच्या खाली ‘मीटर्ड’ हा पर्याय आहे, तो ‘येस’ करा. आपोआप अपडेट करणारा प्रोग्राम ते बघून गप्प बसतो. अँड्रॉइड फोनचं नेट बऱ्याचदा लिनक्स स्वतःच ओळखतं, तरी हाताने केलेलं बरं. आणि रविवारी कुठे वायफाय मिळालं तर अपडेट करून घ्या. महिनोन्‌महिने अपडेट न केलेलं मशीन मी दुरुस्तीला घेत नाही.

एकच सॉफ्टवेअर डेब, फ्लॅटपॅक आणि स्नॅप अशा तीन रूपांत दिसतं. कोणतं घेऊ?

जुनी हार्डडिस्क असेल तर डोळे झाकून डेब, म्हणजे मिंटच्या स्वतःच्या भांडारातलं. उघडतं लवकर, जागा कमी घेतं. आवृत्ती जरा जुनी असते, बहुतेकांना फरक कळतही नाही.

फ्लॅटपॅक ताजं असतं पण आपला शिधा सोबत घेऊन येतं. पहिलं अ‍ॅप टाकताना शेकडो एमबीचा रनटाइम उतरतो. पुढच्या अ‍ॅपना तोच चालला तर चालला. एखादं सॉफ्टवेअर नवंच हवं असेल तेव्हा मी हे घेतो.

स्नॅपची गोष्ट निराळी. त्याची स्नॅपडी सर्व्हिस कायम जागी आणि प्रत्येक स्नॅप बूटच्या वेळी डिस्कसारखं जोडून घ्यावं लागतं. मिंटने २०२०च्या २०व्या आवृत्तीपासून त्याला दारातच अडवलंय. उबुंटूवर मात्र ‘स्नॅपडी जड आहे’ म्हणून उडवण्याआधी थांबा: २२.०४पासून तिथला फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो. स्नॅप काढलं की ब्राउझरही गेला, आणि ब्राउझर परत कसा आणायचा हे शोधायला ब्राउझर नाही.

ऑफिसच्या कामाला काय ठेवू? मराठीचं काय?

लिब्रेऑफिस आधीच असतं, २०१०मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं. अर्ज, पत्रं, हिशोब, सगळं होतं. घोळ होतो तो फॉन्टमुळे. विंडोजवरचा मंगल फॉन्ट लिनक्सवर नसतो, त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज सहीपुरता दुसऱ्या पानावर जातो. छापायचंच असेल तर समोरच्याकडून पीडीएफ मागवा.

कृतिदेव किंवा सुरेखमध्ये टाइप केलेली जुनी फाइल लिनक्सवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ते लिनक्सचं पाप नव्हे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांनाच मराठी मुखवटे घातलेत. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पुढचं सगळं युनिकोडमध्येच करा.

टायपिंगचं विषयाला धरून सांगतो. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा, मागे कोणतीच सर्व्हिस लागत नाही. रोमनमध्ये ‘नमस्कार’ लिहून देवनागरी हवं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स लागतं, आणि ते लॉगिनबरोबर उठावं लागतं. ऑटोस्टार्ट साफ करण्याच्या भरात यांना उडवून ‘मराठी बंद पडली’ म्हणणारे तीन फोन मला आलेत.

टॅलीवर हिशोब असेल, किंवा फ्लेक्सचं काम कोरलड्रॉवर चालत असेल, तर त्या मशीनवर विंडोजच राहू द्या. लिनक्सवरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर इंकस्केप सुंदर आहे, माझ्या लेटरहेडचं सगळं काम त्यावर होतं. पण वाढदिवसाच्या बॅनरची कोरलची फाइल त्यात सरळ उघडेल याची हमी मी देणार नाही.

सिस्टमडी नसलेलं लिनक्स घेतलं तर?

अँटीएक्स आहे, डेव्हुआन आहे. अगदीच दोन जीबीच्या मशीनवर अँटीएक्स मी स्वतः टाकतो. पण ते हलकं आहे ते त्याचा सगळा संसारच आटोपशीर असल्यामुळे. नुसता मुकादम बदलून फार काही हाती लागत नाही, आणि अडलं तर विचारायला माणसं कमी.

काहीतरी बंद केलं आणि आता नुसता काळा पडदा. लवकर सांगा.

पॉवरचं बटण दाबून धरू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांचा पडदा येईल, तिथे नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप होताना दिसत नाही, तरी होतोय. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क’ किंवा ‘एनेबल’ आणि पुढे जे बंद केलं त्याचं नाव. आठवत नसेल तर ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स’च्या पुढे दोन डॅश, ‘स्टेट’, बरोबरचं चिन्ह आणि ‘मास्क्ड’. कुलूपबंद नावं तेवढी दिसतील. मग ‘सुडो रिबूट’.

तोही पडदा आला नाही तर चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणा आणि रिकव्हरी मोडमध्ये जा. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमची साठवलेली प्रत, आधी काढलेला असेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून बूट करून जुन्या अवस्थेत परत जाता येतं. काढला नसेल तर मशीन घेऊन या, येताना पेनड्राइव्ह आणा.

आधारचे ठसे घेणारं मशीन लिनक्सवर चालेल का?

त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे ठशांचं मशीन आधारसाठी चालवणारा प्रोग्राम, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते. माझं पाचवं मशीन विंडोजवर आहे ते याचसाठी. ते चालू व्हायला किती वेळ घेतं हे मी मोजत नाही. सकाळी शटर उघडताना आधी त्याचं बटण दाबतो, मग झाडू हातात घेतो.